लांगोआ की लेओव्हिल? वर्गवारीतल्या बोर्दो रेड घरी ताडून पाहताना

लेओव्हिल बार्तोंच्या बाटलीवर जो वाडा छापलेला असतो तो लेओव्हिलचा नाही. तो शेजारच्या लांगोआ बार्तोंचा आहे. लेओव्हिल बार्तोंला स्वतःचा वाडाच नाही. बार्तों घराण्याने १८२१ मध्ये लांगोआ विकत घेतलं, १८२६ मध्ये लेओव्हिलच्या मोठ्या इस्टेटीतला एक हिस्सा घेतला, आणि दोन्ही वाईन लांगोआच्या आवारात बनू लागल्या. गाव एकच, सें-ज्युलियाँ. मालक तेच, बनवणारे हात तेच. तरीही फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाईनना पाच वर्गांत बसवणाऱ्या १८५५ च्या यादीत लेओव्हिल दुसऱ्या वर्गात आहे आणि लांगोआ तिसऱ्या.

वर्गवारीतल्या फ्रेंच रेड वाईनची तुलना शिकायची असेल तर पहिल्याच दिवशी लाफीत आणि मार्गो अशा पहिल्या वर्गातल्या नावांच्या मागे लागू नका. ही जोडी आणा. एकाच सालाच्या दोन बाटल्या, बाकी सगळं जवळपास सारखं. फरक उरतो तो जमिनीच्या तुकड्याचा आणि यादीतल्या जागेचा. तो फरक झाकलेल्या ग्लासातून ओळखता येतो का, एवढाच प्रश्न. पुण्यात आम्ही सहा जण वर्षातून दोन-तीनदा हा उद्योग करतो. त्यात जे हाताला लागलं ते क्रमाने सांगतो.

आधी यादी समजून घ्या

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा बोर्दोच्या व्यापारी मंडळाला वाईनबरोबर एक यादीही पाठवायची होती. ते काम त्यांनी दलालांवर सोपवलं आणि दलालांनी १८ एप्रिलला यादी दिली. त्यासाठी कुणी ग्लास घेऊन चाखत बसलं नव्हतं. कुठल्या शातोचा (म्हणजे वाईन बनवणाऱ्या इस्टेटीचा) माल वर्षानुवर्षं काय भावाने जातो हे त्यांच्या वह्यांत होतंच, त्यावरून पाच वर्ग पाडले. आपल्या मार्केट यार्डातल्या अडत्याला कुणाचा आंबा कुठल्या भावाचा हे पेटी न उघडता माहीत असतं, तसंच. म्हणजे मुळात ही भावपट्टी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं दडपण जातं.

आज या यादीत ६१ रेड शातो आहेत: पहिल्या वर्गात ५, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात १४, चौथ्यात १०, पाचव्यात १८. एक ओ-ब्रियाँ सोडलं तर सगळी मेदोकमधली, म्हणजे जिरोंदच्या खाडीच्या डाव्या काठावरची. पहिल्या वर्गात लाफीत, लातूर, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि मुताँ. (हो, लातूरच. उच्चार अगदी आपल्या लातूरसारखा, त्यामुळे मराठी माणसाला हे एक नाव तरी अचूक म्हणता येतं.) मुताँ मुळात दुसऱ्या वर्गात होतं, ते १९७३ मध्ये वर चढलं. दीडशेहून जास्त वर्षांत वर्ग बदलल्याचं हे एकमेव उदाहरण. आणि वर्ग शातोच्या नावाला मिळालेला आहे, जमिनीला नाही. मालकाने त्याच गावात आणखी बाग विकत घेतली तरी वर्ग कायम राहतो.

बाकीच्या याद्या थोडक्यात. ग्राव्ह भागाची १९५३ ची, १९५९ मध्ये सुधारलेली, १६ शातोंची. उजव्या काठावर सेंतेमिलियोंची १९५५ ची, ती साधारण दहा वर्षांनी नव्याने होते आणि दर वेळी भांडणं होतात. २०२२ च्या यादीआधी ओझोन, शेव्हाल ब्लां आणि आंजेल्युस ही सर्वांत वरची नावं स्वतःहून बाहेर पडली. पोमेरोलमध्ये वर्गवारीच नाही, तरी तिथल्या पेत्र्युसची किंमत विचारायची सोय नाही. बर्गंडीत शातोला नव्हे, शेताला दर्जा असतो. तो वेगळाच विषय आहे, इथे नको.

खरेदी करताना एका सापळ्यात मीही पडलोय. लेबलवर ‘सेंतेमिलियों ग्रां क्रू’ असं लिहिलेलं असलं म्हणजे ती वर्गवारीतली वाईन नव्हे. ते फक्त प्रदेशाचं नाव आहे आणि शेकडो बाटल्यांवर असतं. ‘ग्रां क्रू क्लासे’ यातला ‘क्लासे’ शब्द शोधा. ‘ग्रां व्हँ द बोर्दो’ या शब्दांना वर्ग म्हणून काडीचा अर्थ नाही. आणि मोठ्या शातोची ‘दुसरी वाईन’ म्हणजे दुसऱ्या वर्गाची वाईन नव्हे, तर मुख्य वाईनमध्ये न घेतलेल्या मालाची.

एका वेळी एकच गोष्ट बदला

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे हाताला लागतील त्या सहा बाटल्या आणायच्या: पोइयाक गावची एक २००९ ची, मार्गो गावची (शातोचं आणि गावाचं नाव एकच) एक २०१३ ची, एक सेंतेमिलियों. मग जो फरक जाणवतो तो सालाचा, गावाचा, द्राक्षाचा की वर्गाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसला स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाईन-व्यापाऱ्याने लेबलं झाकून जी गाजलेली चाचणी घेतली, तिच्यातही १९७० आणि १९७१ च्या बोर्दोसमोर वेगवेगळ्या सालांच्या कॅलिफोर्नियाच्या वाईन होत्या. तिथे कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने (कॅबर्ने ही द्राक्षाची जात) पहिली आली आणि मुताँ १९७० दुसरी. बातमी म्हणून फारच भारी. पण शिकायला बसलेल्यांनी तसं करू नये.

माझ्या मते पायऱ्या अशा:

पहिल्या बैठकीत एक गाव, एक साल, दोन वर्ग. म्हणजे वर सांगितलेली बार्तोंची जोडी.

दुसऱ्या बैठकीत एक साल आणि चार गावं. उत्तरेकडून दक्षिणेकडे या: सेंतेस्तेफ, पोइयाक, सें-ज्युलियाँ, मार्गो. वर्ग शक्यतो जवळपासचे घ्या. उदाहरणार्थ सेंतेस्तेफची कालों-सेग्युर, सें-ज्युलियाँची लांगोआ आणि मार्गोची जिस्कूर या तिन्ही तिसऱ्या वर्गातल्या. पोइयाकमध्ये तिसऱ्या वर्गाचं कुणीच नाही, तिथे लिंश-बाज घ्या. कागदावर ती पाचव्या वर्गात आहे, पण बाजार तिला कधीपासून दुसऱ्या वर्गाच्या बरोबरीचा भाव देतो. यादी आणि बाजार यांच्यातली तफावत दाखवायला याहून चांगली बाटली नाही. पाल्मेरचंही तेच, तिसऱ्या वर्गात असून दुसऱ्या वर्गातल्या कित्येकांपेक्षा महाग.

तिसऱ्या बैठकीत एकच शातो आणि तीन-चार सालं. इथे २००९ आणि २०१० शेजारी ठेवता आली तर सोनं. दोन्ही सालं नावाजलेली. पण २००९ उबदार, मऊ, लगेच गप्पा मारायला लागणारी, आणि २०१० ताठ, आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही जास्त. त्यात एखादी २०१३ घातली, ते पावसाने नासवलेलं साल, की मोठं नाव असलं तरी आभाळापुढे काही चालत नाही हे ग्लासातच दिसतं.

पैशांचं बोलायचं तर पहिल्या वर्गाची बाटली शेकडो युरोंची, तो नाद सोडा. पाचव्या वर्गातली काँतमेर्ल किंवा तिसऱ्यातली ला लाग्यून अशी नावं युरोपातल्या दुकानांत त्या मानाने खूपच परवडतात. वर्गणी काढा. भारतात आयात केलेल्या वाईनवरचं शुल्क जबर असल्यामुळे आमच्या बाटल्या बहुतेक कुणी ना कुणी परदेशातून येताना आणलेल्या असतात. माणशी दोन लिटरची सवलत आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत तर २.२५ लिटर होतात.

पुण्याचा उन्हाळा आणि फ्रेंच बाटली

आणलेली बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये माळ्यावर पापड वाळतील इतकी धग असते. एकदा आम्ही शहरातल्याच एका दुकानातून बऱ्यापैकी महाग बाटली घेतली. घरी आणून वरचं वेष्टण काढलं तर कॉर्क तोंडातून दोन मिलीमीटर वर आलेला आणि मानेवर चिकट ओघळ वाळलेला. आत काय असणार ते कळलंच. वाईन शिजली होती. फळाच्या जागी मोरंब्याचा वास आणि मागे काहीच नाही. तेव्हापासून कॉर्क वर आला असेल तर मी बाटली हातातही घेत नाही. घरी वाईनचा वेगळा फ्रिज नसेल तर वर्षभर साठवायच्या भानगडीत पडू नका. बाटल्या आल्या की महिन्या-दोन महिन्यांत बैठक लावा. तोवर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या तरी चालतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी बाटल्या उभ्या करा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. प्यायच्या वेळी वाईन १६ ते १८ अंशांवर हवी. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला फ्रान्समधल्या दगडी घरांचा आहे. आपली खोली ३० अंशांवर असते आणि त्या तापमानाला फक्त अल्कोहोल नाकात जातं. खोलीत ठेवलेली बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये किंवा दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि थर्मामीटरने बघा. अंदाजाने नको.

जीभ आणि नाक आधी तयार करा

तुलनेत खरी मेहनत इथे आहे, आणि इथेच आपण मराठी माणसं सुदैवी आहोत. इंग्रजी पुस्तकांत टॅनिन समजवायला परिच्छेद खर्ची घालतात. आपल्याकडे ‘तुरट’ ही सहा रसांतली एक चव आहे, लहानपणापासून माहीत असलेली. पान खाताना कात जास्त झाला की हिरड्या आवळतात, गाल आतून खरखरीत होतात. तेच टॅनिन. आंबटपणाची खूणही आपल्याकडे तयार आहे: दात आंबणे. घोट गेल्यावर जिभेच्या कडांनी लाळ सुटते का बघा. तुरटपणा तोंड कोरडं करतो, आंबटपणा ओलं. कॅबर्ने भरपूर असलेल्या कोवळ्या पोइयाकमध्ये दोन्ही एकदम होतात आणि नवखा माणूस सरसकट ‘कडू आहे’ म्हणून मोकळा होतो. कडू क्वचितच असते.

आम्ही बैठकीच्या आठवडाभर आधी एक स्वस्तातला सराव करतो. बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहा तीन कपांत करा, पत्ती दोन, पाच आणि दहा मिनिटं ठेवून. गार करून क्रमाने घोट घ्या. दोन मिनिटांचा तुरटपणा फक्त जिभेवर राहतो, पाच मिनिटांचा गालांवर जातो आणि दहा मिनिटांचा हिरड्या धरून बसतो. आता दुसरी गोष्ट बघा: तो पोत कसा आहे? मलमलीसारखा की गोणपाटासारखा? चांगल्या सें-ज्युलियाँत तुरटपणा कमी नसतो, बारीक विणीचा असतो. किती आणि कसा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टिपणवहीत दोन वेगळे रकाने करा.

वासांचंही तसंच. कॅबर्नेबद्दल सगळीकडे ‘ब्लॅककरंट’ लिहिलेलं असतं, आणि ते फळ आपल्याकडे पिकत नाही. पाठ केलेला शब्द लिहिण्यापेक्षा पिकलेली करवंदं, जांभूळ, काळ्या मनुका लिहा. पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवल्यावर निघालेल्या सालीचा वास ही मेदोकची, त्यातही पोइयाकची, जुनी खूण आहे. चिरलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर कॅबर्ने पुरती पिकली नव्हती. तंबाखूची पुडी, ओली माती, वाळलेली पानं हे वास वय झालेल्या वाईनचे. व्हॅनिला, भाजलेला पाव, लवंग हे द्राक्षाचे नसून नव्या ओकच्या २२५ लिटरच्या पिंपाचे. मेर्लो जातीची द्राक्षं जास्त असलेल्या उजव्या काठाच्या वाईनमध्ये आलुबुखार आणि एक गोलवा. कोऱ्या कोल्हापुरी चपलेचा वास थोडा असला तर काहींना आवडतो. घोड्याच्या तबेल्यापर्यंत गेला तर तो ब्रेट नावाच्या यीस्टचा दोष.

बैठकीची तयारी

त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नको, फोडणी नको, अत्तर लावून कुणी यायचं नाही. आमच्यातल्या एकीने मोगऱ्याचा गजरा घातला होता. अख्खी मार्गो मोगऱ्याची लागली, आणि गजरा सापडेपर्यंत दोघांनी ‘फुलांचा सुंदर वास’ असं लिहूनही टाकलं होतं.

ग्लास सगळ्यांचे एकसारखे हवेत. चाचणीसाठीचा जो आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्लास आहे तो २१५ मिलीचा, खाली फुगीर आणि वर निमुळता. तो नसेल तर कुठलाही निमुळत्या तोंडाचा चालेल, पण सहाही जणांना तोच. शोकेसमधून काढलेले ग्लास लाकडाचा वास धरतात, ते नुसत्या गरम पाण्याने धुऊन उपडे न ठेवता वाळवा. ग्लासात ५० मिली ओता. बाटलीत १५ वाढण्या होतात. सहा जणांना प्रत्येकी दोन ग्लास देऊनही थोडी उरते.

बाटल्या दोन तास आधी उघडा आणि प्रत्येकीतला एक घोट आधी तपासा. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा वास आला तर ती कॉर्कने बिघडलेली. हवा लागून तो दोष जात नाही, उलट वाढतो. अशी बाटली तुलनेतून काढा, पण फेकू नका. सगळ्यांना तिचा वास द्या, हा धडा विकत मिळत नाही. दहा वर्षांच्या आतली वाईन जगमध्ये ओतून, बाटली पाण्याने विसळून परत त्याच बाटलीत भरा. जुनी असेल तर मोबाईलचा टॉर्च बाटलीच्या मानेमागे धरून हळूहळू ओता आणि गाळाचा धागा दिसला की थांबा. वीस वर्षांपुढच्या वाईनला मी तासन्‌तास हवा देत नाही, तिचा वास उडून जायची भीती असते.

झाकायला जुने पायमोजे उत्तम (धुतलेले!). पण बाटलीच्या खांद्यावरून, काचेच्या जाडीवरून चलाख माणूस ओळखतो, म्हणून ओतणारा माणूस वेगळा ठेवा, त्याने आतल्या खोलीत ओतून फक्त १ ते ७ आकडे लावलेले ग्लास बाहेर आणावेत.

बाटल्या सहा असतील तर सात ग्लास का? एक वाईन दोनदा ओतायची. कुठली, ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. ही युक्ती मी सगळ्यांत जास्त मोलाची मानतो. आमच्या दुसऱ्याच बैठकीत मी दोन नंबरच्या ग्लासला वीसपैकी १७ दिले, ‘खोली आहे, शेवट लांब’ असं लिहिलं, आणि पाच नंबरला १४, ‘थोडी पातळ, घाईत बनवलेली वाटते’. दोन्ही ग्लासांत एकच वाईन होती. ओतणाऱ्या आमच्या मावशींनी, त्या स्वतः थेंबही घेत नाहीत, चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी आठवडाभर कुणाला वाईनबद्दल काही बोललो नाही. पाच नंबरच्या आधी चार नंबरला फार तुरट वाईन होती, तिच्या शेजारी ती बिचारी पातळ वाटली. तेव्हापासून आम्ही दुसरी फेरी उलट्या क्रमाने घेतो, ७ पासून १ कडे.

चाखणं आणि लिहिणं

पहिली फेरी फक्त नाकाने. ग्लास न हलवता एक वास, मग हलवून दुसरा. सातही ग्लास संपेपर्यंत तोंडाला लावायचा नाही. रंग बघा, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून: कडेला जांभळी झाक असेल तर कोवळी, विटेचा रंग असेल तर वयस्क. पण रंगावर फार विसंबू नका. बोर्दोच्याच विद्यापीठात पांढऱ्या वाईनला बेचव लाल रंग देऊन ५४ विद्यार्थ्यांना दिली होती, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. तो अभ्यास २००१ मध्ये छापून आला.

मग घोट. तोंडात दहा सेकंद फिरवा, थोडी हवा आत ओढा (आवाज होतो, लाजू नका), आणि थुंका. आमच्याकडे एका सदस्याच्या आजोबांची पितळी पिकदाणी आहे, पानाच्या जमान्यातली, ती या कामाला पुन्हा सेवेत आली. न थुंकता सात ग्लास घेतले तर चौथ्यापुढची टिपणं कचऱ्यात टाकायची. थुंकल्यावर मनात मोजा: चव किती सेकंद टिकते? नुसता तुरटपणा उरला तर तो मोजू नका, फळाची चव मोजा. वर्गवारीतल्या चांगल्या वाईनचं मला सगळ्यांत खात्रीचं लक्षण तेच वाटतं.

मध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव किंवा पोळी. चीज आत्ता नाही. चीज तुरटपणा झाकतं आणि वाईट वाईनही चांगली वाटायला लागते. ते नंतर मटणाबरोबर.

लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. भुवयाही उंचावायच्या नाहीत. आमच्यात एक जण आहे, त्याने ‘हं!’ केलं की बाकीचे चौघे त्याच ग्लासला वर चढवतात. गुण द्यायचे तर द्या, पण निकाल गुणांच्या सरासरीवर काढू नका. कुणी कंजूष, १० ते १४ मध्येच घुटमळतो. कुणी उधळा, एकाला ८ आणि एकाला १९ देतो, आणि सरासरी त्या उधळ्याच्या मुठीत जाते. पॅरिसच्या त्या चाचणीतही पहिल्या दोघींमध्ये एक-दोन गुणांचाच फरक होता. आम्ही प्रत्येकाला १ ते ७ क्रम लावायला सांगतो आणि क्रमांकांची बेरीज करतो. सर्वांत कमी बेरीज ती पहिली.

मोजे काढण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा: गाव कुठलं, वर्ग कुठला, दोनदा आलेली कुठली. वर्गाचा अंदाज आम्हाला जवळजवळ कधीच जमत नाही. गावाचा निम्म्या वेळा जमतो, सालाचा त्याहून जास्त.

यात भारताचा एक धागा आहे, तो चवीपेक्षा गोष्टीसाठी आवडतो. सेंतेस्तेफच्या दुसऱ्या वर्गातल्या कॉस देस्तुर्नेलच्या तळघराच्या इमारतीवर चक्क पॅगोड्यासारखे मनोरे आहेत. लुई-गास्पार देस्तुर्नेल एकोणिसाव्या शतकात आपली वाईन भारतात विकायचा आणि लोक त्याला सेंतेस्तेफचा महाराजा म्हणायचे. न खपता जहाजातून परत आलेली पिंपं बिघडण्याऐवजी मुरून आली अशी तिथली आख्यायिका. मी ती बाटली आमच्या टेबलावर ठेवतो तेव्हा मोज्यात असली तरी मावशी नेमक्या याच ग्लासला हात लावून विचारतात, ‘ही आपल्याकडची ना?’

दुसऱ्या दिवशी

प्रत्येक बाटलीत थोडी उरते. कॉर्क परत लावून ती फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाहेर काढून तापमानाला आणून, पुन्हा एक-एक घोट घ्या. आता लेबल दिसतंय, तरी चालेल. आदल्या दिवशी गप्प बसलेली वाईन कधी कधी आता तोंड उघडते, आणि पहिल्या फेरीत सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली एखादी चपटी पडलेली असते. मी टिपणवहीत दोन तारखा घालून दोन्ही दिवसांचं शेजारी-शेजारी लिहितो. मागच्या वेळी लांगोआ पहिल्या दिवशी लेओव्हिलच्या पुढे होती, सहापैकी चौघांच्या मते. दुसऱ्या दिवशी मी एकट्यानेच चाखल्या, आणि लेओव्हिलची चव तोंडातून जायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. वहीत दोन्ही लिहिलंय, खोडलेलं काहीच नाही. पुढच्या बैठकीत हीच जोडी, त्याच सालाची, पुन्हा घेणार आहोत.